दाब, प्रवाह आणि रोध
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या समारंभात गाणी असावीत, एखादा नाट्यप्रवेश असावा, शेवटी हळदीकुंकू आणि फराळ असावा, हे सर्वांना मान्य आहे. अशा आनंदाच्या प्रसंगी विजेवरचे भाषण कोणी आणि कशासाठी ठेवले, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका हाती पडताच पुष्कळ जणींच्या मनात आला असेल. वीज म्हटली की तो विषय घरातल्या पुरुषमंडळींचा, नाहीतर वायरमनचा, अशी आपण मनाशी वाटणीच करून टाकलेली असते. पण थोडा विचार करा. पहाटे गिझरचे बटण कोण दाबते? मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, धुलाईचे यंत्र यांच्याशी दिवसभर कोणाची गाठ असते? घरातल्या बटणांना सर्वांत अधिक वेळा हात लागतो तो गृहिणीचा. आणि तो हात बहुधा ओला असतो! जिच्याशी आपला इतका निकट संबंध, तिचा स्वभाव मात्र आपल्याला ठाऊक नसावा, हे बरे नव्हे. म्हणून विजेचा स्वभाव सांगणारे तीनच शब्द मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. दाब, प्रवाह आणि रोध. गणित लागेल ते भागाकार-गुणाकाराचे. आपल्या महिन्याच्या हिशेबाहून ते मुळीच अवघड नाही.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला पाण्याचा जोर अधिक. विजेच्या बाबतीत या जोराला दाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात येणारा दाब २३० व्होल्टचा असतो. नळ सोडल्यावर दर मिनिटाला किती पाणी वाहते, तसा तारेतून किती वीज वाहते तो प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि नळी अरुंद असेल, आत गंज चढला असेल, तर पाण्याला अडथळा होतो. तसा तारेचा किंवा उपकरणाचा विजेला जो अडथळा होतो तो रोध. त्याचे माप ओहम.

पाण्याचा हा दाखला एका ठिकाणी मात्र लंगडा पडतो, तेही सांगून ठेवते. नळी कापली तर पाणी बाहेर सांडत राहते; तार कापली तर वीज सांडत नाही, ती वाहायचीच थांबते. विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. जाण्याची तार ती फेज, परतीची ती न्यूट्रल. ही फेरी पुरी झाली तरच प्रवाह वाहतो. बटण म्हणजे या वाटेवरचा दरवाजा होय. विजेला परतीची एखादी भलतीच वाट मिळाली, तर काय अनर्थ होतो, ते पुढे येईलच.

या तिघांचे नाते ज्याने शोधून काढले तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली जन्मला. बाप कुलपे करणारा कारागीर. पण स्वतः शिकून त्याने मुलांना गणित शिकवले. ओहम पुढे कलोन येथे शाळामास्तर झाला आणि तेथेच त्याने प्रयोग केले. त्या काळच्या विद्युत्‌घटांचा दाब सारखा खालीवर होई. म्हणून त्याने बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात ठेवला आणि अगदी स्थिर असा दाब मिळवला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजत गेला. १८२७ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या देशातल्या विद्वानांनी तेव्हा त्याचे फारसे स्वागत केले नाही. पण १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, आणि आज जगभर रोधाचे माप त्याच्या नावाने ओळखले जाते. चूल, उकळते पाणी आणि बर्फ एवढ्या साहित्यावर उभा राहिलेला हा नियम आहे. स्वयंपाकघराला तो परका कसा असेल?

नियम असा: दाबाला रोधाने भागले की प्रवाह येतो. दाब वाढला की प्रवाह वाढतो. रोध वाढला की प्रवाह कमी होतो. बस्स, एवढेच. आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती येते, तिला वॅट म्हणतात.

आता घरातलीच उदाहरणे घेऊ. इस्त्रीवर १००० वॅट असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागा, सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह आला. २३० ला ४.३ ने भागा; इस्त्रीच्या आतल्या तापणाऱ्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम आला. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो आणि त्याचा रोध साधारण २६ ओहम असतो. ३००० वॅटचा घेतला तर प्रवाह १३ अँपिअर. रोध जितका कमी, तितके उपकरण अधिक खादाड, हे ध्यानात ठेवा. म्हणूनच लहान प्लग ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा, अशी सोय केलेली आहे. गिझरचा मोठा प्लग कसल्यातरी जोडणीने लहान खोबणीत बसवणे म्हणजे दोन माणसांच्या पाळण्यात सहा माणसे बसवणे होय.

वीजबिलाचे कोडेही येथेच सुटते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. तेवढ्याच युनिटात ९ वॅटचा एलईडी दिवा शंभराहून अधिक तास जळतो. दिवा विझवला नाही म्हणून मुलांना रागावणे योग्यच आहे. पण बिल खरोखर कमी करायचे असेल तर आधी गिझरकडे पाहावे.

'व्होल्टेज कमी आले आहे' असे आपण म्हणतो तेव्हा काय होते? समजा, दाब २३० वरून १८० वर उतरला. गिझरचा रोध तोच, २६ ओहम. प्रवाह ७ अँपिअरच्या खाली आला आणि २००० वॅटची शक्ती सुमारे १२०० वर आली. पाणी तापायला वेळ लागेल, एवढेच. गिझर बिघडणार नाही. पण पंपाची, शीतकपाटाची मोटार ही वेगळ्या प्रकृतीची असते. तिला ओझे तर तेच उचलायचे असते. म्हणून दाब कमी झाला की ती प्रवाह अधिक ओढते आणि तापते. दाब फारच कमी असेल तर ती सुरूच होत नाही, नुसती गुणगुणत राहते. अशी अडकलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते आणि आतली तार जळते. म्हणून दिवे मंद झाले की पंप आणि शीतकपाट आधी बंद करावे.

आता उष्णतेकडे वळू. तारेत किंवा सांध्यात निर्माण होणारी उष्णता काढायची तर प्रवाहाला प्रवाहानेच गुणायचे आणि मग रोधाने गुणायचे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. गिझरचा प्लग खोबणीत सैल बसला आहे, आणि त्या सैल जागी केवळ अर्धा ओहम रोध तयार झाला आहे असे समजा. १३ गुणिले १३ म्हणजे १६९. त्याच्या निम्मे ८४. म्हणजे त्या एवढ्याशा प्लगच्या पोटात ८४ वॅटची शेगडी पेटलेली आहे! प्लग काळा पडणे, बोर्डाजवळ जळका वास येणे, बटण गरम लागणे, ही त्या शेगडीची लक्षणे होत. पुष्कळ घरे अशीच पेटली आहेत. बारीक तारेचा लांबलचक बोर्ड ओढून त्यावर शेगडी किंवा गिझर चालवणे हेही तसेच. वीस मीटर लांबीच्या बारीक जोडतारेचा जातायेताचा रोध सुमारे एक ओहम भरतो. १३ अँपिअरला तीत १६९ वॅट उष्णता होते. ती तार वेटोळे करून ठेवलेली असली तर उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचे आवरण वितळते.

फ्यूज आणि त्याच्या जागी आता आलेला एमसीबी यांचे काम हेच, की प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर वाट तोडायची. तो वारंवार पडतो म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालणे, किंवा मोठ्या अंकाचा एमसीबी बसवणे, म्हणजे घराचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. भुंकण्याचे कारण शोधावे.

याच वर्गाच्या हिशेबामुळे आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांतून एवढे उंच मनोरे गेलेले आहेत. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, आणि चार टप्पे पुरे झाल्यावर तिची क्षमता १९६० मेगावॅट झाली. ही वीज एवढ्या दुरून आणायची कशी? समजा, १,००,००० वॅट शक्ती एक ओहम रोधाच्या तारेतून न्यायची आहे. २३० व्होल्टने न्यायची म्हटले तर प्रवाह ४३५ अँपिअर लागेल. तेवढा प्रवाह त्या तारेतून ढकलायलाच ४३५ व्होल्ट खर्ची पडतील. जवळ आहेत २३०! म्हणजे गोष्टच अशक्य. तीच शक्ती ११,००० व्होल्टने नेली तर प्रवाह फक्त ९ अँपिअर आणि तारेतली नासाडी ८३ वॅट. म्हणून दाब वाढवून वीज दूर न्यायची आणि गावाजवळ, मग गल्लीजवळ, रोहित्रांतून तो उतरवत उतरवत २३० वर आणायचा. चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची वाहिनी आहे, तिचा दाब तर ५,००,००० व्होल्ट आहे. आपल्या घराच्या बटणामागे एवढा प्रपंच उभा आहे.

भगिनींनो, आता मी ज्या गोष्टीसाठी आज उभी राहिले तिच्याकडे येते. ओहमचा नियम तारेला लागू आहे, तसाच तो आपल्या देहालाही लागू आहे.

कोरड्या कातडीचा रोध कित्येक हजार ओहम असतो. तो २०,००० धरला तर २३० व्होल्टला सुमारे ११ मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा जवळजवळ शंभरावा हिस्सा, एवढा प्रवाह देहातून जाईल. सणसणीत झटका बसेल. माणूस बहुधा वाचेल. पण हात ओले, पाय अनवाणी, खाली न्हाणीघराची ओली फरशी, अशा वेळी हाच रोध १,००० ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर! सुमारे १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढे श्वासावर संकट येते. ५० ते १०० च्या घरात हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहते. दाब तोच, घर तेच, माणूसही तेच. केवळ पाण्याने एवढा फरक केला. 'नेहमी थोडी झिणझिण येते, त्याचे काही नाही' असे गिझरच्या नळाबद्दल किंवा धुलाईयंत्राबद्दल कोणी म्हणाले, तर तिला हा भागाकार करून दाखवा. झिणझिण येते याचा अर्थ वीज बाहेर आलेली आहे आणि आज केवळ आपल्या कोरड्या हाताने ती अडवली आहे.

यावर उपाय तो अर्थिंगचा. प्लगला तीन पिना असतात. वरची, जाड आणि लांब, ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांनंतर सुटावी. ही पिन उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते. गिझरच्या आत फेज अंगाला चिकटली, आणि जमिनीपर्यंतच्या वाटेचा रोध २ ओहम असला, तर ११५ अँपिअरचा लोंढा त्या वाटेने जाईल आणि १६ अँपिअरचा एमसीबी ताबडतोब पडेल. पण अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा असेल आणि रोध ५० ओहम झाला असेल तर? २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर. एमसीबीला वाटते, कोणीतरी इस्त्री लावली आहे! तो पडत नाही आणि गिझरचे अंग वीज धरून बसते. म्हणून अर्थिंग 'आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. त्याचा रोध मोजून घ्यावा. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल टिकून रोध कमी राहावा म्हणून. उन्हाळ्यात तेथे पाणी ओतीत जावे. आणि दोन पिनांच्या खोबणीत बसावी म्हणून तिसरी पिन कापून टाकणे किंवा वाकवणे, हे पाप कोणी करू नये.

याहून मोठा रक्षक म्हणजे आरसीसीबी. तो जमाखर्च पाहणाऱ्या कारकुनासारखा असतो. फेजने किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलने किती परत आला, हे तो ताडून पाहतो. दोन्ही सारखे असले तर ठीक. ३० मिलिअँपिअरची तूट आली, तर ती कोणाच्या तरी देहातून किंवा भलत्याच वाटेने जमिनीत गेली असे तो समजतो आणि सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत वीज तोडतो. एमसीबी घर राखतो, आरसीसीबी माणूस राखतो. त्यावर तपासणीचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे, वीज गेली म्हणजे रक्षक जागा आहे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर त्याला तूट दिसत नाही. तेव्हा तो आहे म्हणून धाडस करू नये.

आणखी दोन गोष्टी. आपल्या इमारतीत तीन फेज येतात. कोणत्याही फेजचा न्यूट्रलशी दाब २३० व्होल्ट, पण दोन फेजांमधला ४०० व्होल्ट असतो. सर्वांची मिळून असलेली न्यूट्रल तुटली, तर दोन फेजांवरची दोन घरे एकाच माळेत ओवली जातात. एका घरात त्या वेळी २० ओहमचे ओझे आहे आणि दुसऱ्यात १८० ओहमचे, असे धरा. एकंदर २००, प्रवाह २ अँपिअर. पहिल्याच्या वाट्याला ४० व्होल्ट, दुसऱ्याच्या ३६०! म्हणून एका घरात दिवे एकाएकी फार तेजाळ आणि दुसऱ्यात मंद, असे दिसले की विचार करीत बसू नये; धावत जाऊन मेन स्विच बंद करावा आणि शेजारणीलाही हाक मारावी.

दुसरी गोष्ट कपडे वाळत घालण्याच्या तारेची. पत्र्याच्या छपरापासून खांबापर्यंत लोखंडी तार बांधायची आणि तिच्यावर ओली लुगडी टाकायची, ही रीत खेडोपाडी आणि शहरातल्या वस्त्यांतही आहे. वरून गेलेली विजेची तार घासून घासून उघडी पडते आणि छपराला किंवा या तारेला टेकते. मग ओले कपडे, ओले हात आणि अनवाणी पाय, म्हणजे रोध कमी करणाऱ्या साऱ्या गोष्टी एकत्र जमतात. कितीतरी बायका अशा गेल्या आहेत. आणि सोडवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही तिच्या मागोमाग गेला आहे. सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधा. चार पैशांची दोरी, पण ती जीव राखते. आणि कोणी विजेला चिकटलेले दिसले तर प्रथम मेन स्विच बंद करावा, त्याआधी त्या माणसाला हात लावू नये. ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे आणि १०८ क्रमांकाला बोलवावे. रस्त्यावरची तुटलेली तार मात्र दुरूनच टाळावी. तिच्याजवळ लाकूड घेऊनही जाऊ नये.

हे सारे बायकांच्या आवाक्यातले नाही, असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर तिने ए. ललिता यांचे नाव ऐकावे. अठराव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हा पदरी चार महिन्यांची मुलगी होती. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी पाठबळ दिले, आणि १९४० साली मद्रासच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री विद्युत् अभियंत्या म्हणून त्या ओळखल्या जातात. भाक्रा-नानगल धरणाच्या विजेच्या कामात त्यांचा हातभार लागला. त्यांनी मोठमोठ्या वाहिन्या आखल्या. आपण आपल्या घरातली एक वाट ओळखू नये काय?

तेव्हा वर्धापनदिनाची भेट म्हणून मी आपणांकडे तीन गोष्टी मागते. उद्या सकाळी आपल्या घरातला मेन स्विच कोठे आहे तो स्वतः पाहावा आणि एकदा स्वतःच्या हाताने, कोरड्या हाताने, बंद करून सुरू करावा. आरसीसीबी आहे की नाही ते पाहावे. नसेल तर तो बसवण्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या हिशेबात धरावा. आणि परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा; किती ओहम आला तो आकडा त्याच्याकडून ऐकून घ्यावा, नुसते 'सगळे ठीक आहे, वहिनी' यावर त्याला जाऊ देऊ नये. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईलाही यातले चार शब्द समजावून सांगावेत. ओल्या हातांचे काम तिचे आपल्याहून अधिक असते.

वीज ही कोणाची वैरीण नाही, आणि कोणाची मैत्रीणही नाही. जिकडे रोध कमी तिकडे ती अधिक वाहते. तिची वाट नीट बांधून देणे हे माणसाचे काम. आणि घर जिच्या हाती, तिचे तर ते पहिले काम.